दुपारचा ब्लॉक

मराठीत ज्या गोष्टी 'लागतात' त्या बहुतेक सोसाव्याच लागतात. ठेच लागते, नजर लागते, उचकी लागते, आग लागते. आणि शाळेला सुट्टी लागते. भाषेनं ही मंडळी एका क्रियापदाच्या बाकावर उगाच बसवलेली नाहीत. १ मेला झेंडावंदन होतं, निकालाचा कागद हातात पडतो, पोरं ओरडत फाटकाबाहेर सुटतात आणि वर्गशिक्षिकेच्या चेहऱ्यावरचं दहा महिन्यांचं ओझं उतरून फाटकाशी उभ्या असलेल्या आयांच्या चेहऱ्यावर चढतं. मावळातलं शिरगाव घ्या. जवळून द्रुतगती मार्ग जातो, पलीकडे सोमाटणे फाटा, 'प्रतिशिरडी' म्हणवणाऱ्या साईमंदिरामुळे दर गुरुवारी मोटारींची रांग, आणि भातखाचरांच्या बांधाला बांध लावून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. इथल्या चारचौघांसारख्या घरात वडील चाकण किंवा तळेगावच्या कारखान्यात पाळीवर, आई हिंजवडी किंवा पिंपरी-चिंचवडला नोकरीवर, आणि आजी आपल्या दोन्ही गुडघ्यांसह घरी. अशा घराकडे पाहून माझं मत झालं आहे की उन्हाळ्यात शाळा बंद होत नाही, तिचा फक्त ठेकेदार बदलतो. दहा महिने ती शिक्षण खातं चालवतं, उरलेले दिवस आई चालवते. आणि तिला या कामाचा ना पगार, ना प्रशिक्षण, ना रजा.

पुरावा हवा असेल तर तो थेट कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. आपल्या माध्यमिक शाळा संहितेनं आणखी कडक हिशेब मांडला : कामाचे दिवस किमान २३०, आणि सुट्ट्या ७६ च्या वर नकोत. आता वर्षाचे तास ८७६०. त्यातले ८०० म्हणजे दहा टक्केसुद्धा नव्हेत. उरलेल्या नव्वद टक्क्यांत मुलाचं काय करायचं, याबद्दल एकही कलम, एकही परिशिष्ट नाही. २ मे ते १४ जून अशी नेहमीची उन्हाळी सुट्टी धरली तर ती भरते ४४ दिवसांची. पण २०२३ साली उन्हाचा तडाखा पाहून सरकारनं ती २१ एप्रिलपासूनच दिली. निर्णय योग्यच होता, मुलांचा जीव महत्त्वाचा. फक्त ज्या घरांनी ४४ दिवसांचं अंदाजपत्रक केलं होतं त्यांच्यावर एका आदेशानं ११ दिवसांची पुरवणी मागणी येऊन पडली. विदर्भात तर उन्हापायी शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तिकडच्या आयांविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

ठेका हातात आला की नवा ठेकेदार पहिलं काम करतो ते वेळापत्रक लावण्याचं. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद लटकतो : साडेसहा पोहणं, नऊ अबॅकस, अकरा सुंदर हस्ताक्षर, चार स्केटिंग, सहा क्रिकेट. क्रिकेट अपरिहार्य, कारण गहुंज्याचं आंतरराष्ट्रीय मैदान २०१२ पासून शेजारी आहे आणि इतक्या जवळ मैदान असून घरात खेळाडू निपजला नाही तर दोष शिकवणीचाच, अशी परिसरातल्या बापांची श्रद्धा आहे. शिवाय दहा दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर असतंच. सात वर्षांच्या मुलाचं व्यक्तिमत्त्व मुळात उगवायचं असताना त्याचा विकास होऊन अकराव्या दिवशी प्रमाणपत्रही मिळतं. गंमत अशी की मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश सरकारनं २०२४ च्या फेब्रुवारीत काढला. म्हणजे जूनपासून एप्रिलपर्यंत ज्या झोपेची काळजी मंत्रालय वाहतं, तीच झोप मे महिन्यात पोहण्याच्या पहिल्या बॅचसाठी साडेपाचला मोडली जाते. शाळेत उशिरा जाणारं मूल सुट्टीत लवकर उठतं, यापरतं ठेकेदार बदलल्याचं ढळढळीत लक्षण कोणतं दाखवायचं?

यावर पहिला आक्षेप येतो तो आजोबांच्या पिढीकडून. 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती. परीक्षा झाली की दप्तर माळ्यावर आणि आम्ही रानात.' आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे. फक्त रानात कशासाठी, हे आजोबा सांगत नाहीत. पवन मावळ काय, आंदर मावळ काय किंवा नाणे मावळ काय, भात पिकवणाऱ्या घरात उन्हाळा म्हणजे राब. रोपं करायच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या डहाळ्या आणि पालापाचोळा, वर गवत, आणि उडून जाऊ नये म्हणून मातीचा पातळ थर. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन तो राब भाजायचा. त्या भाजलेल्या मातीत रोहिणी नक्षत्राच्या सुमारास धूळवाफ्यावर भात टाकायचं, की पावसाबरोबर रोपं वर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं दिलेला इंद्रायणी तांदूळ आज पुण्याच्या ताटात सुवास सोडतो. त्याच्या रोपाखालचं गवत आणि पाला डोक्यावरून आणणारे पाय पुष्कळदा सुट्टी लागलेल्या पोरांचेच असत. घरात थांबलेल्यांचीही सुटका नव्हती. कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून शिजवला जायचा, आई सोऱ्या फिरवायची, आणि कापडावर पांढऱ्या जाळीची वेटोळी पडली की कावळे हाकलण्याच्या जागेवर सर्वांत धाकट्याची नेमणूक व्हायची. वेतन म्हणून वाटीभर गरम चीक, आणि नजर चुकवून उचललेली ओली कुरडई हा वरकड लाभ. तेव्हा पूर्वीचं बालपण मोकळं होतं हे खरं नाही. ते बिनपगारी होतं. आज फरक पडला तो एवढाच की तेव्हा मुलं घराच्या कामासाठी पळत, आता घर मुलांच्या कामासाठी पळतं.

'मग मामाच्या गावाला पाठवा की!' हा दुसरा आक्षेप. सल्ला ऐकायला गोड आहे, पण तो मामाचा पत्ता न विचारता दिलेला असतो. शिरगावच्या पोरांचा मामा वाकडला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून दिवसभर 'माझा आवाज येतोय का' असं परदेशाला विचारत असतो. त्याची स्वतःची मुलं मात्र मोकळ्या हवेसाठी शिरगावला धाडलेली. म्हणजे एक्स्प्रेसवेला समांतर अशी भाच्यांची अदलाबदल चालू राहते, आणि तिकडे मामी, इकडे आत्या अभ्यागतांच्या स्वागतासाठी रजा टाकतात. अभ्यागत आले की त्यांना 'मावळ दाखवणं' आलं. प्रतिशिरडीला हात जोडा, सोमाटण्याच्या टेकडीवरच्या ७२ फुटी बिर्ला गणपतीसमोर सगळे मावतील असा फोटो काढण्यासाठी एकानं उतारावर मागे मागे जा, दुपारच्या उन्हात एकवीरेच्या पायऱ्या चढा, कार्ल्याचं लेणं 'आत थंड आहे' एवढ्या निरीक्षणावर आटपा, आणि शेवटी भुशी धरण. भुशीच्या ज्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं अशी ख्याती, त्या मे महिन्यातल्या कोरड्या ठणठणीत पायऱ्यांवर बसून मुलं 'पाणी कुठाय' असं विचारतात आणि मोठी माणसं 'जूनमध्ये' असं उत्तर देतात. जूनमध्ये शाळा असते. निसर्ग आणि शिक्षण खातं यांची बैठक झाली नसावी, असं वाटायला इथे जागा आहे; पण खरं पाहता दोघांचं अगदी संगनमत आहे. ऊन उतरून पाऊस आला की शाळा, हाच हिशेब आहे. त्यात सहलीचा विचार कोणी केला नाही, इतकंच.

तिसरा आक्षेप मात्र चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. 'शिबिरं, अबॅकस ही खात्यापित्यांची दुःखं आहेत. ज्यांना परवडत नाही त्यांचं काय?' अगदी रास्त. नव्या इमारतींच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांच्या मुलांना सुट्टीत वेळापत्रक नसतं; मोठीनं धाकट्याला कडेवर घ्यायचं आणि आई संध्याकाळी परत येईपर्यंत सांभाळायचं, हेच काम. शाळेबरोबर तिथली दुपारची खिचडीही बंद होते. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शालेय पोषण आहार चालू ठेवण्याचे आदेश सरकारला काढावे लागले आहेत, आणि त्या आदेशातच माझ्या मुद्द्याची सर्वांत मोठी कबुली आहे. शाळा म्हणजे नुसता फळा आणि खडू नव्हे. दिवसातले पाच-सहा तास मूल सुरक्षित ठेवणारी, एक वेळ जेवू घालणारी आणि त्या अवधीत आईबापांना कामावर जाऊ देणारी ती व्यवस्था आहे. श्रीमंताच्या घरी ती बंद पडली की तिची जागा शिबिर घेतं, गरिबाच्या घरी नऊ वर्षांची बहीण घेते. म्हणून शिबिरांना हसताना मी त्यांचं फक्त नाव बदलून मागतो. फलकावर 'सुप्त गुणांचा शोध' न लिहिता सरळ 'दहा ते पाच मूल सांभाळून मिळेल' असं लिहावं. आईबाप तरीही पैसे भरतील, कदाचित आनंदानं, आणि मुलांवर गुण शोधून देण्याची जबाबदारी राहणार नाही.

जूनचा पहिला आठवडा आला की ठेका परत करण्याची तयारी सुरू होते, आणि कोणतंही हस्तांतर सोपं नसतं. गणवेश आखूड होतो, बूट पायाला आणि खिशाला एकदमच चावतात. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा दंडक आहे; नव्या दप्तरात नुसता पाण्याचा बंब आणि दोनमजली डबा ठेवला की वजनातला बराचसा वाटा संपतो, विद्या उरलेल्यात बसवायची. बालभारतीच्या पुस्तकांत २०२३ पासून वह्यांची कोरी पानं शिवली गेली, २०२५ च्या जानेवारीत ती पानं काढायचा निर्णय झाला. कव्हरं मात्र दोन्ही वेळा घालावी लागलीच. एका रात्री जमिनीवर खाकी कागदाची गुंडाळी उलगडते. पुस्तक मध्ये, चारी बाजूंनी चार बोटं कागद सोडून कात्री. कण्यापाशी वर-खाली छोटी चीर देऊन तो तुकडा आत दुमडायचा, नाहीतर कव्हर पहिल्याच आठवड्यात तिथून फाटतं. मग घडीवर अंगठ्याचं नख फिरवायचं. सातव्या पुस्तकाला कागद दोन बोटं कमी पडतो. मग उरलेले तुकडे जोडून परिसर अभ्यासाचं कव्हर होतं, त्यामुळे या विषयाला घराघरात ठिगळ असतं. पहिल्या तासाला बाई फुलं देऊन स्वागत करतात, फुगे असतात, आणि मग फळ्यावर निबंधाचा विषय येतो : मी सुट्टी कशी घालवली. मराठीत घालवणं म्हणजे व्यतीत करणं, आणि हातची गमावणंही. ४४ दिवस दोन्ही अर्थांनी घालवलेलं मूल पेन चावत बसतं आणि अखेर पोहायला गेलो, अबॅकसला गेलो, स्केटिंगला गेलो असं लिहितं. तो निबंध नसतो, फ्रिजवरच्या कागदाची नक्कल असते.

मग उपाय काय? सुट्टी कमी करा म्हणावं तर ऊन सोडत नाही, वाढवा म्हणावं तर आई सोडत नाही. माझी सूचना रेल्वेकडून उसनी घेतलेली आहे. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव या स्टेशनांवरून जाणाऱ्या पुणे-लोणावळा लोकलला दुपारी मोठा खंड असतो. प्रवासी वर्षानुवर्षं त्यावर चिडतात, निवेदनं देतात. रेल्वेचं म्हणणं असतं की रुळांच्या आणि तारांच्या देखभालीला तेवढा ब्लॉक हवाच. तसा एक ब्लॉक फ्रिजवरच्या कागदावर टाकावा : बारा ते तीन, काही नाही. 'काही नाही' म्हटलं की मुलं मोबाईल घेणार, हा आक्षेप मला ऐकू येतो आहे. पण मोबाईल म्हणजे काही नाही नव्हे. उठूच न देणारा तो सगळ्यांत कडक वर्ग आहे. आणि ब्लॉकमध्ये तारांचं काम चालू असताना रेल्वे वरच्या तारेचा वीजप्रवाह बंद करते, हे विसरू नये. घरातल्या राउटरलाही बटण असतं. प्रवाह बंद झाल्यावर मूल पहिला अर्धा तास 'मी काय करू' असं विचारेल, दुसरा अर्धा तास छताकडे बघेल. त्यानंतर ते काय करेल हे मी सांगू शकत नाही, आणि न सांगता येणं हाच त्या ब्लॉकचा सगळा फायदा आहे. एक अट मात्र आहे. हा ब्लॉक एकट्या मुलासाठी नाही. बारा ते तीन या वेळात आजीनं गुडघ्याखाली उशी घ्यावी, आणि रविवारी का होईना, आईनंही पंख्याखाली आडवं पडावं. कोणी हाक मारलीच, तर पडल्यापडल्याच सांगावं : पुढची गाडी तीननंतर.