सुकली? होय / नाही

हमरापूरला माझ्या मेहुण्याचा गणपतीचा कारखाना आहे. गेल्या वर्षी बँकेने कर्जाच्या प्रस्तावासोबत ‘उत्पादन प्रक्रियेची आकृती’ जोडायला सांगितली, तेव्हा घरात एक निवृत्त इंजिनिअर पडून आहे याची सासुरवाडीला एकदम आठवण झाली. एरवी ‘भावोजी काय करायचे?’ याचं उत्तर ‘थळच्या खत कारखान्यात होते’ यापुढे कधी गेलेलं नव्हतं.

थळला आम्ही आकृत्या ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो. चौकोन, गोल, त्रिकोण कापलेली एक प्लास्टिकची टेम्प्लेट असायची आणि जो ती उसनी नेई तो कधी परत करत नसे. प्रती निघत त्या अमोनिया प्रिंट. म्हणजे अमोनियाच्या प्लँटची आकृतीसुद्धा अमोनियाच्या वाफेतूनच बाहेर यायची. साइटवर जा नाहीतर ड्रॉइंग ऑफिसात बसा, नाक सारखंच चुरचुरायचं. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं असला प्रश्न मात्र नव्हता.

तो प्रश्न भाच्याने आणला. भाचा हिंजवडीत असतो. तो म्हणाला, “काका, व्हिजिओशिवाय दुसरं काही नको.” व्हिजिओ १९९२ साली आलं, २००० साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली, आणि तेव्हापासून कचेऱ्यांमध्ये चौकोनाला बाण जोडायचा म्हणजे व्हिजिओ. चौकोन हलवला की बाणही त्याच्यामागे जातो, हे त्याचं खरं कर्तृत्व. पण दरमहा भाडं. मेहुणा म्हणाला, “आकृती एकदा काढायची ना? मग दर महिन्याला कसले पैसे?” या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही.

मग ल्युसिडचार्टवर फुकटचं खातं उघडलं. देखणं प्रकरण. पण फुकटात एका आकृतीत साठच आकार. हमरापूरच्या बाप्पाचं पीतांबर रंगेपर्यंत साठ संपले. सोनेरी काम आणि डोळ्यांची आखणी अधांतरी. वायएड नावाचं एक आहे, ते सगळे चौकोन आपणहून रांगेत लावून देतं. त्याने अशी काही मांडणी केली, की मूर्ती गाडीत आधी चढत होती आणि साच्यातून नंतर निघत होती. मर्मेडमध्ये तर चित्र काढायचंच नाही, मजकूर लिहायचा, चित्र ते काढणार. भाचा त्यावर खूश. मी मात्र चित्र काढायला बसलो होतो, पत्र लिहायला नव्हे.

शेवटी ड्रॉ.आयओ घेतलं. फुकट, लॉगिन नाही, साठाची मोजणी नाही, आणि लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. जोहे-हमरापूरकडे पावसात इंटरनेट कारागिरांसारखं येतं, सांगून येतं पण वेळेवर नाही. तेव्हा हा मुद्दा लहान नव्हता. बाणाचं टोक चौकोनाच्या कडेला नेलं की जोडबिंदू उजळतो, तेव्हाच बोट सोडायचं. आधी सोडलंत तर बाण नुसता टेकलेला राहतो, आणि चौकोन हलला की मागेच लोंबकळतो.

प्रक्रियेच्या आकृत्या काढण्याच्या या विद्येचे आद्य पुरुष फ्रँक गिलब्रेथ. ते मूळचे गवंडीकाम करणारे. एक वीट लावायला लागणाऱ्या अठरा हालचाली त्यांनी पाचेकवर आणल्या. पुढे १९२१ साली पत्नी लिलियनसह अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडला. त्यांना बारा मुलं झाली. एवढ्या घरात सकाळच्या आंघोळी ज्यांनी मार्गी लावल्या असतील, त्यांना कारखाना काय अवघड?

पण गिलब्रेथांना शाडू माती माहीत नव्हती. ३० जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्तींवरची बंदी काटेकोरपणे पाळा असं बजावलं, म्हणून मी आकृती शाडूवर बेतली. माती मळणे, साच्यात भरणे, काढणे, सुकवणे. पुढे एक चौकट, पतंगासारखी उभी: ‘सुकली?’ होय तर पॉलिश पेपर. नाही तर बाण मागे, परत सुकवणे. एप्रिलमध्ये हा बाण निरुपद्रवी दिसतो. जुलैत रायगडच्या किनाऱ्यावर तो फिरत राहतो, फिरत राहतो, आणि कारखान्यातले सगळे पंखे त्याच्याबरोबर.

मे महिन्यात आकृती पुरी झाली. ९ जूनला न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला मोकळीक दिली. विसर्जन मात्र नैसर्गिक पाण्यात नको. परत एक पतंग: ‘शाडू की पीओपी?’ दुसऱ्या फाट्यावर काथ्या आला. जुलैत सहा फुटांवरच्या मूर्तींना नैसर्गिक विसर्जनाची सवलत मिळाली, मुदत पुढच्या मार्चपर्यंत. आणखी एक पतंग: ‘सहा फुटांवर?’ चौकोन कमी आणि पतंग जास्त अशी ती आकृती पाहून मेहुणीने विचारलं, “ही संक्रांतीची आहे का?”

ए-थ्री कागदावर छापून कारखान्यात लावली, तर आखणी करणारे दादा रुसले. “माझा डोळ्यांचा चौकोन नि पॉलिश पेपरवाल्या पोराचा चौकोन एकाच मापाचा?” चौकोनाचं माप पगारावर ठरत नाही हे मी समजावून पाहिलं. मग कोपरा धरून त्यांचा चौकोन दुप्पट ओढला. अशा वेळी सॉफ्टवेअरला खरंच तोड नाही. ट्रेसिंग पेपरवर असतं तर ब्लेडने शाई खरवडत बसलो असतो.

भर पावसात बँकेचे साहेब कारखाना पाहायला आले. आकृतीवरून बोट फिरवत ते ‘सुकली?’ पाशी थांबले.

“हा बाण मागे का जातोय?”

“साहेब, तो जुलै आहे,” मेहुणा म्हणाला.

साहेबांनी शेजारच्या ओल्या मूर्तीला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, आणि हप्ते गणपती उरकल्यावर सुरू करायचं कबूल केलं.

ते गेल्यावर मी मेहुण्याला म्हटलं, “बघ, सॉफ्टवेअरला एक पैसा लागला नाही.”

“हळू बोला, भावोजी,” तो म्हणाला. “प्रस्तावात आकृतीचे पंधरा हजार लावलेत.”