बंब, गिझर आणि उघडी खिडकी

युरोपातील थंड देशांत घर तापवणे ही संज्ञा अक्षरशः घेतली जाते. म्हणजे वायूवर चालणारा बॉयलर एका कोपऱ्यात बसवून त्यातील ऊन पाणी नळ्यांवाटे खोलीखोलीतून फिरवले जाते आणि भिंती, खुर्च्या व सासूबाई यांना सारखीच ऊब पोहोचते. गोंदिया जिल्ह्यात हिवाळ्यात पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो आणि विदर्भातील नीचांकाचा मानही वारंवार गोंदिया शहराकडेच येतो. तरीही घर तापवण्याचा विचार येथे कोणी करीत नाही, कारण ते काम मे महिना विनामूल्य करून देतो. येथे तापवायचे असते ते केवळ आंघोळीचे पाणी. उरलेल्या देहाची जबाबदारी स्वेटर, कानटोपी आणि अंगणातील शेकोटी यांनी आपसात वाटून घेतलेली असते.

या क्षेत्रातील आद्य यंत्र म्हणजे बंब. तांब्याचे उभे भांडे, मधोमध नळी, नळीत निखारे आणि भोवती पाणी अशी त्याची रचना असून, पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’ शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. पोटात आग बाळगणाऱ्या भांड्याला आणि दुसऱ्याच्या घरची आग विझवणाऱ्या गाडीला एकच नाव देणारी मराठी ही बहुधा समदर्शी भाषा असावी. राईस मिलांच्या या जिल्ह्यात तूस मुबलक आहे, परंतु बंबाच्या अरुंद नळीत ते पेटण्यापेक्षा धुमसणेच पसंत करते. त्यामुळे स्नानापूर्वी डोळ्यांतून पाणी येते आणि निम्मे शुद्धीकरण तेथेच उरकते.

त्याचा प्रतिस्पर्धी गॅस गिझर. आइसलँडमधील ‘गेसिर’ नावाच्या उसळत्या उष्ण झऱ्यावरून त्याचे नाव पडले आणि लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी १८६८ मध्ये त्याचा पूर्वज तयार केला. नळ सोडताच पाण्याच्या दाबाने झडप उघडते, बॅटरीच्या सेलवर ठिणगी पडते आणि ज्योत पेटते; अर्थात दाब असेल तर, कारण टाकी स्नानगृहाच्या जेमतेम हातभर वर असल्यास यंत्र नुसतेच टिकटिक करीत राहते. हिशेब मात्र सरळ आहे. २० लिटरची बादली १५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास, थोडी उष्णता वाया जाते असे धरून, सुमारे ५५ ते ६० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे २५० बादल्या बसतात. कुटुंबप्रमुख हा भागाकार कागदावर मांडतो. परंतु भाजकात मुलाची आंघोळ एक बादली धरलेली असते, आणि गिझरला बादली नसते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

खरा पेच खिडकीचा आहे. ज्वलनास हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि बंद न्हाणीघरात माणसाला ओरडण्याचीही सवड देत नाही. गॅसगळती कळावी म्हणून सिलिंडरमध्ये मुद्दाम मिसळलेला मर्कॅप्टनचा दर्प येथे उपयोगी पडत नाही. म्हणून यंत्र बाहेर मोकळ्या हवेत बसवून आत केवळ ऊन पाण्याची नळी न्यावी, आणि तसे न जमल्यास खिडकी उघडी ठेवावी, हा नियम. थंडीवर उपाय म्हणून आणलेले यंत्र थंडीलाच आत बोलवा म्हणते, हे घरातील ज्येष्ठांना पटत नाही. धूर तरी दिसतो, हा बंबाच्या बाजूचा त्यांचा युक्तिवाद शास्त्रदृष्ट्याही अगदीच टाकाऊ नाही.

या खंडनमंडनात दिवस जातात. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी आणि गरीब घरांत गॅस नेणारी उज्ज्वला योजना सुरू झाली ती १ मे २०१६ रोजी. शासनाला निदान ऐन उन्हाळ्यात उष्णतेचे स्मरण राहते. घरोघरचा निर्णय मात्र संक्रांतीला चर्चेस येतो, शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, आणि भिंतीला भोक पाडणारा कारागीर होळीनंतर उगवतो. तो गिझर टांगतो, घाम पुसतो आणि गच्चीकडे पाहत विचारतो, “कूलरचा पंपही पाहून देऊ काय?”