नानांसाठी रिफर्बिश्ड संगणक घेण्याची नियमावली

व्याप्ती : ही नियमावली निवृत्त, हिशेबी आणि गेम न खेळणाऱ्या तमाम नानांना लागू राहील. पत्त्यांचा सॉलिटेअर हा गेम समजला जाणार नाही.

कलम १. खरेदीपूर्वी नानांना कागद-पेन द्यावं आणि संगणकावर काय काय करणार ते लिहायला सांगावं. नाना लिहितील : सोसायटीचे हिशेब, पेपर वाचणं, वीजबिल, परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल. मग चष्मा पुसून शेवटी ‘इतर’ लिहितील. जास्तीचे सगळे पैसे या ‘इतर’पायी जातात. ते नानांच्या देखत खोडावं.

कलम २. घरातल्या जाणकार भाच्याला दुकानात नेऊ नये. तो ‘ग्राफिक्स कार्ड तरी घ्याच’ म्हणतो. थकबाकीदारांची नावं एक्सेलमध्ये लाल करायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्ये जे अंगचं असतं, ते त्याला पुरून उरतं.

कलम ३. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर हे डबे कंपन्या घाऊक घेतात आणि काही वर्षांनी घाऊकच काढून टाकतात. मग ते मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत थप्पीने येतात. पाठीवर कंपनीच्या मालमत्ता-क्रमांकाचं अर्धवट खरवडलेलं स्टिकर असतं. ‘म्हणजे कुणीतरी वापरलेला?’ असं नाना विचारतील. होय. बहुधा एसीत बसून, ऑफिसच्या वेळात वापरलेला.

कलम ४. (हे कलम नानांना दोनदा वाचून दाखवावं.) ‘आय-फाइव्ह आहे, साहेब’ एवढ्यावर भुलू नये. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा विचारावा. ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ची. ६५०० सहावी, २०१५ची. ८५०० आठवी, २०१८ची. विंडोज ११साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आणि विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. दुकानदार म्हणेल, ‘सहावीवरपण इलेव्हन टाकून देतो.’ टाकता येतं, चालतंही. पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवरून नाना बँकेचे व्यवहार करणार, तिथे हा जुगार नको. जुनं मशीन फुकटात मिळालंच, तर त्यावर लिनक्स मिंट घालावं. मेन्यू डावीकडे खालीच असतो, नाना फार कुरकुरत नाहीत.

कलम ५. रॅम ८ जीबी चालेल, १६ असेल तर उत्तम. एसएसडी हवीच, २५६ जीबी पुष्कळ झाली.

कलम ६. मशीन दुकानातच चालू करून घ्यावं. सुरू होताना डेलवर एफ-टू, एचपीवर एफ-टेन, लेनोवोवर एफ-वन दाबत राहावं, म्हणजे बायोसचं सेटिंग उघडतं. तिथे पासवर्ड मागितला, तर जुन्या मालकाचं कुलूप अजून तसंच आहे; दुसरा डबा मागावा. तारीख भलतीच जुनी दिसली तर घाबरू नये, आतला बटणासारखा सेल संपलाय. सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

कलम ७. आता नानांची यादी पुन्हा काढावी. व्हिडिओ कॉल. या डब्यांना कॅमेरा नसतो, माइक नसतो, आणि बरेचदा वायफायही नसतं. मागे डिस्प्लेपोर्ट असतो आणि घरच्या मॉनिटरला एचडीएमआय. म्हणजे वेबकॅम, वायफायचा डोंगल आणि योग्य केबल यांचा खर्च आधीच धरावा. नाहीतर नातू समोर दिसतो, आणि नाना मात्र त्याला ना दिसतात ना ऐकू येतात. मग रात्री फोन कुणाला येतो? मला. ‘अरे, तो हॅलो हॅलो करतोय, मी काय दाबू?’

कलम ८. चोरीचं एक्सेल घालून घेऊ नये. लिबर-ऑफिस फुकट आहे. सोसायटीचा हिशेब त्यात नीट बसतो, फाइलचं नाव ‘हिशेब अंतिम खरा नवीन’ असलं तरी.

कलम ९. घासाघीस नानांवर सोडावी. ते किमतीवरून सुरुवात करतात आणि माउसपॅडवर येऊन अडतात. आपण बाहेर जाऊन चहा प्यावा. वैतागू नये. वर्षअखेरीस एका रुपयाचा फरक सापडेना म्हणून हा माणूस मध्यरात्रीपर्यंत पावत्या चाळत बसतो, तेही बिनपगारी, आणि बिल्डिंगमधलं कुणी त्यांना साधं थँक्यूही म्हणत नाही. माउसपॅड मिळू दे त्यांना.

कलम १०. पक्कं जीएसटीचं बिल घ्यावं. त्यावर मशीनचा सिरियल नंबर, वॉरंटीचे महिने आणि बिघाड झाला तर दुरुस्त करून देणार की बदलून, हे लिहून घ्यावं. तोंडी वॉरंटी जवळच्या ग्रँट रोड स्टेशनापर्यंतच टिकते. बिलाचा फोटो काढून स्वतःकडे ठेवा; मूळ प्रत नाना फाइलला लावतील, आणि ती फाइल तुम्हाला सापडणार नाही.