पोट्ट्याला पॉइंट गार्ड करताना

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पोरगं घडवण्याचे मान्यताप्राप्त मार्ग तीनच. पहाटे रस्त्यावर पळवून त्याला पोलीस भरतीत घालणं, अकरावीलाच लातूरला नेऊन ‘नीट’च्या क्लासला बसवणं, नाहीतर पुण्याला खोली घेऊन देणं आणि एमपीएससीची जाहिरात कधी निघते याची घरच्यांनी वाट बघणं. मी चौथा मार्ग धरला. एका पोट्ट्याला पॉइंट गार्ड करायला घेतलं. पोट्टं अठरा वर्षांचं होतं. त्याला आईबाप नव्हते, आधार कार्ड नव्हतं, आणि मुख्य म्हणजे ते नव्हतंच.

‘बझरबीटर’ नावाचा एक ऑनलाइन खेळ २००७ पासून चालू आहे. फुकट आहे. खेळ बास्केटबॉलचा, पण चेंडूला हात लावायची सोय त्यात नाही. आपण संघाचे मॅनेजर. खेळाडू घ्यायचे, पगार द्यायचे, तिकिटाचे दर ठरवायचे, डावपेच लिहून ठेवायचे आणि बाजूला व्हायचं. सामना संगणक खेळतो, आपण त्याचं वर्णन ओळीओळीनं वाचायचं. बोटसुद्धा न मोडता क्रीडाक्षेत्राची सेवा करण्याची अशी संधी यापूर्वी फक्त क्रीडा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना होती.

नव्या खेळाडूंच्या निवडीत आमच्या वाट्याला हे पोट्टं आलं. उंची पाच फूट नऊ इंच. या खेळात प्रत्येक कौशल्यापुढे एक विशेषण लागतं. पासिंग ‘बरं’, चेंडू हाताळणं ‘सुमार’, रिबाउंडिंग, म्हणजे हुकून परतलेला चेंडू पकडणं, ‘भयंकर’. भयंकरच्या खाली विशेषण नाही. शिवाय प्रत्येकाच्या कपाळावर त्याची कुवतही लिहिलेली असते. सगळ्यात वर ‘सर्वकालीन महान’, सगळ्यात खाली ‘समालोचक’. म्हणजे समालोचक शिक्क्याच्या मुलानं कितीही घाम गाळला तरी त्यानं शेवटी माइकच धरायचा. आमचं पोट्टं मधल्या कुठल्याशा पायरीवर होतं.

भाकितं आमच्याकडेही होतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात धान्यं गोलाकार मांडतात, मध्ये मातीची ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. भाकीत चुकलं तर माणूस म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. बझरबीटरच्या भाकितात ती सवलत नाही. कुवत भरली की सराव जवळजवळ थांबतो, मग कोणाला दोष द्यायचीही सोय उरत नाही. पालकांसाठी ही व्यवस्था फारच क्रूर आहे.

खरी गंमत पुढे. आठवड्याला एकच कौशल्य सरावाला लावता येतं, आणि ज्या जागेचा सराव आहे तिथे जो खेळाडू ४८ मिनिटं प्रत्यक्ष सामन्यात खेळला असेल, त्यालाच तो पूर्ण मिळतो. ४८ मिनिटं म्हणजे एनबीएच्या हिशेबानं अख्खा सामना, बारा-बारा मिनिटांचे चार भाग. थोडक्यात, ज्याला खेळता येत नाही त्याला शेवटपर्यंत खेळवायचं, तेही पॉइंट गार्डच्या जागी. पॉइंट गार्ड हा संघाचा कारभारी. चेंडू त्यानं वर आणायचा, चाल त्यानं ठरवायची, मोकळा गडी हेरून पास त्यानं द्यायचा. आमचं पोट्टं पास नेमानं द्यायचं, फक्त समोरच्या संघाला.

आम्ही हरू लागलो. प्रेक्षक घटले, तिकिटाचं उत्पन्न घटलं, आणि दर शुक्रवारी सरावाचा निकाल लागला की मी पेढे वाटण्याच्या मनःस्थितीत असायचो, कारण पासिंग ‘बरं’वरून ‘चांगलं’वर गेलेलं असायचं. घडवायचं तर हरायची तयारी ठेवावी लागते, हे कुठल्याच क्लासच्या फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. तिथे फक्त पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात.

आमच्या गल्लीत एक निवृत्त क्रीडाशिक्षक राहतात. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले. १९१४ साली सुरू झालेली ती संस्था. तिथल्या माणसाला घाम न येणारा खेळ मान्य होणं शक्य नाही. तरी ते रोज यायचे. नेस्मिथनं १८९१ मध्ये अमेरिकेत हा खेळ काढला तेव्हा पीचच्या टोपल्या टांगल्या होत्या, त्यांना बूड होतं, दर गोलनंतर कोणीतरी चढून चेंडू काढायचा, हे सांगून ते म्हणायचे, “तेव्हाही कोणाला तरी चढावं लागायचं, राजेहो. तुम्ही खुर्चीतूनही उठत नाही.”

रिबाउंडिंग सुधारायला मी पोट्ट्याला सेंटरच्या जागी, सात फुटी धिप्पाडांमध्ये उभं केलं, तेव्हा मात्र सर खवळले. मी त्यांना मग्सी बोग्सचं उदाहरण दिलं. एनबीएमधला सर्वांत बुटका खेळाडू, पाच फूट तीन इंच; त्यानं १९९३ मध्ये सात फुटी पॅट्रिक यूइंगचा फटका अडवला होता. सर म्हणाले, “अडवला असंल. पण त्याच्या कोचनं त्याला सेंटरला उभं केलं होतं का?” बझरबीटरमध्ये बुटक्या पोरांना उंचांची कौशल्यं फार हळू येतात. पोट्ट्याचं रिबाउंडिंग ‘भयंकर’च राहिलं आणि सरांचा चहा वाढला.

बायको घाटाखालची, खामगावकडची. पहिले काही दिवस तिनं दुर्लक्ष केलं. मग एकदा मागून वाचत म्हणाली, “काहून हो, आठवड्याचे तिन्ही सामने त्यालेच खेळवता? थकत नसंन का ते?” आणि खरंच, मिनिटं फार झाली की खेळाडूची तंदुरुस्ती घसरते, असा खेळाचा नियमच आहे. तो तिनं कुठेही वाचला नव्हता. तेव्हापासून मिनिटांचं खातं तिच्याकडे गेलं आणि माझ्याकडे फक्त पासवर्ड राहिला.

यथावकाश पोट्टं तयार झालं. पास आपल्या माणसांना मिळू लागले. आम्ही जिंकू लागलो, आणि त्याच सुमारास त्याचा पगार वाढला. कौशल्य वाढलं की पगार वाढतो. आमची तिजोरी मात्र हरण्याच्या काळातली. शेवटी त्याला लिलावात टाकलं. बोली लागली, अखेरच्या क्षणी वाढली की मुदतही वाढत गेली, आणि पोट्टं लिथुआनियातल्या एका मॅनेजरकडे गेलं. तिथे बास्केटबॉलला दुसरा धर्म म्हणतात. मी पैसे मोजत होतो. बायकोनं विचारलं, “इकलं?”

त्यावर मी तिला जिल्ह्याचं अर्थशास्त्र समजावलं. आपण पोरं घडवायची, हिंजवडीनं ती वापरायची. आपल्या पोट्ट्यानं फक्त पुण्याचा थांबा वगळला. तिला ते पटलं नाही. विकलेल्या खेळाडूचं पान नंतरही उघडून बघता येतं, हे तिनं शोधून काढलं. “त्याले बाकावर बसवून ठेवलं त्या मेल्यानं,” अशी बातमी मला जेवताना मिळू लागली. परत आणायचं म्हटलं, तर त्याची किंमत आता आमच्या अख्ख्या संघाएवढी.

पुढच्या निवडीत आम्हाला नवं पोट्टं मिळालं. पासिंग सुमार, बाकी सगळं भयंकर, कुवत ‘समालोचक’. मी त्याला काढून टाकायला बटणावर हात ठेवला तोच बायकोनं माउस ओढून घेतला.

“राहू द्या त्याले. याच्यावर कोणी बोली लावत नाई,” ती म्हणाली आणि पुढच्या सामन्याची ४८ मिनिटं त्याच्या नावावर टाकली.