सरपंचपतींना अनावृत पत्र

रा. रा. सरपंचपती साहेब यांसी,

सा. न. वि. वि.

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. मतदान यंत्रावर नाव वहिनींचं होतं हे खरं, पण बॅनरवर तुमचा फोटो त्यांच्या दुप्पट असल्यानं आमचा काही गोंधळ झाला नाही.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून गावकारभारात बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं 2011 साली हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेलं. यात तुमचा विचार कुणीच केला नाही, म्हणून तुम्हालाच करावा लागला. आता ग्रामसेवक कागद घेऊन घरी येतात आणि तुम्ही बोट ठेवाल तिथं वहिनी पदराला हात पुसून सही करतात. शिक्का तुमच्या खिशात. मासिक सभेत खुर्चीवर तुम्ही, प्रोसिडिंगमध्ये हजर त्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. परवा तीही तुम्हीच घेतलीत. बायकांच्या अडचणी तासभर समजावून सांगितल्यात. आम्हाला त्या इतक्या नीट ठाऊक नव्हत्या.

परदेशातले नवरे मात्र फारच बेजबाबदार. 2005 साली अँगेला मेर्केल जर्मनीच्या चॅन्सेलर झाल्या, तर त्यांचे प्राध्यापक पती शपथविधीलाही फिरकले नाहीत! आइसलँडची तर आणखी पंचाईत. 1980 साली तिथं राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दीस घटस्फोटित होत्या. देशानं सोळा वर्षं राष्ट्राध्यक्षपतीविना कशी काढली, कोण जाणे.

बाई ऐकेनाशी झाली तर तिला हटवण्याचेही मार्ग असतात म्हणा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घराच्या तक्रारीवरून अपात्र ठरवलं होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं पद त्यांना परत दिलं. बाई निवडून आली आणि आता तिचे निर्णय मानावे लागणार, हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, असंही सुनावलं. न्यायालयांना गावची रीत कुठून कळणार?

तरी जरा जपून. पंचायतराज मंत्रालयानं नेमलेल्या समितीनं तुमच्यासारख्यांना जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस केली आहे. तेव्हा येत्या मासिक सभेच्या दिवशी शिक्का वहिनींच्या हाती द्या आणि घरी थांबा. शाळेमागच्या रस्त्याच्या बिलाबद्दल त्यांना काही विचारायचं आहे, असं परवा नळावर म्हणत होत्या.

आपली,
वॉर्ड क्र. 2 मधली एक मतदार