एकास सत्त्याऐंशी

नानांनी काकूंना नव्या इंजिनाची किंमत दोनशे रुपये सांगितली. ती खोटी नव्हती. सतरा हजार चारशेला सत्त्याऐंशीनं भागलं की दोनशेच येतात, आणि नांदेडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस भागाकारात चुकत नसतो.

छोट्या आगगाड्यांच्या जगात ‘एचओ’ नावाचं एक प्रमाण चालतं. खरी गाडी ८७ ने भागायची, उरेल ती टेबलावर ठेवायची. नाना निवृत्त झाले आणि त्यांनी हा भागाकार सगळ्या संसाराला लावला. आमचं गोकुळनगरातलं दुमजली घर त्यांच्या हिशेबानं दीड काडेपेटी उंच आहे. काकू एक पूर्णांक आठ सेंटिमीटर. पेन्शनला मात्र त्यांनी अजून हात लावलेला नाही. आणि या गाड्यांना ‘खेळणी’ म्हणायचं नाही, ‘मॉडेल’ म्हणायचं. फरक साधा आहे. खेळणं पडलं तर पोरगं रडतं, मॉडेल पडलं तर नाना.

नाना रेल्वेत नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस निवृत्तीनंतर भोंगा ऐकला की खिडकी लावून घेतो. खरं वेड लागतं ते ज्याला रेल्वेनं कधी पगार दिला नाही त्यालाच. नानांना ते लहानपणी पूर्णा जंक्शनवर मीटरगेजच्या गाड्या बघून लागलं होतं. पुढं नोकरी, लग्न, परीक्षेचे पेपर यांत ते दबून राहिलं. मग लेकीच्या लग्नाचा बस्ता काढायला सगळे पुण्याला गेले. बायका साड्यांच्या दुकानात शिरल्या आणि नाना कोथरूडला, भाऊ जोशींनी १ एप्रिल १९९८ रोजी सुरू केलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. तिथं एक खेळ बघून बाहेर यायचं असतं. नानांनी लागोपाठ तीन बघितले. बस्ता त्यांच्याशिवाय निघाला. तो चांगला निघाला, असं काकू अजून सांगतात.

आता नानांच्या हॉलमध्ये सोफा नाही. तिथं आठ बाय चारचं प्लायवूड आहे आणि त्यावर नांदेड स्टेशन. पाहुण्यांनी पाटावर बसायचं. खऱ्या एलएचबी डब्याची लांबी साडेतेवीस मीटर, म्हणजे इथं सत्तावीस सेंटिमीटर. बावीस डब्यांची सचखंड एक्स्प्रेस जोडायची तर सहा मीटर जागा लागेल, तेवढा हॉल बिल्डरनं दिलेला नाही. म्हणून नानांची सचखंड पाच डब्यांची. उरलेले सतरा आउटरला उभे आहेत असं समजायचं. नांदेडच्या माणसाला हे समजून घ्यायला त्रास होत नाही.

पूर्वी अशा गाड्या साध्या डीसी करंटवर चालत. रुळात वीज सोडली की रुळावर असेल ते सगळं पळायचं. नाना चालवतात ती डिजिटल पद्धत वेगळी आहे. जर्मनीच्या बेर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीवर बेतलेलं तिचं प्रमाण अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या संघटनेनं १९९४ मध्ये ठरवलं, ही माहिती नाना बारशाला आलेल्या बायकांनाही देतात. मला त्यांनी ती अशी समजावली :

“मंगल कार्यालयात माईकवर पुकारतात का नाही, एमएच २६ अमुक अमुक नंबरची पांढरी गाडी दारातून काढा म्हणून? ऐकू सगळ्यांना जातं. उठतो कोण? ज्याची गाडी तोच. बाकीचे जेवायलेत. हेच डिजिटल. रुळात वीज कायम, तिच्यातूनच हुकूम जायलाय. प्रत्येक इंजिनाच्या पोटात चिप. आपला नंबर ऐकला की हलायचं, नाहीतर गप उभं राहायचं.”

एकच अडचण असते. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक नव्या चिपचा नंबर तीनच असतो. नानांनी पहिल्या दिवशी उत्साहात तिन्ही इंजिनं रुळावर ठेवली आणि तीन नंबर दाबून वेग दिला. आता वजिराबादच्या बाजारात ‘भाऊ’ म्हणून हाक मारली तर किती जण वळून बघतात? तसंच झालं. तिन्ही इंजिनं एकदम निघाली, त्यातली दोन समोरासमोर. त्या दिवशी दुपारी काकूंनी नानांना जेवायला तीनदा बोलावलं. ते हलले नाहीत.

मग नंबर बदलणं आलं, आणि नंबर बदलण्यासाठी सीव्ही. चिपमधल्या एकेका सेटिंगला सीव्ही म्हणतात. पहिल्यात इंजिनाचा नंबर, तिसऱ्यात वेग किती सावकाश घ्यायचा ते, चौथ्यात थांबायला किती वेळ लावायचा ते. काकू आमच्या आईजवळ सहज म्हणाल्या, “रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सीव्ही बदलत बसायलेत.” आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, “नानांना पेन्शन मिळत नाही का रे? या वयात नोकरी बघायलेत ते.” मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिला नोकरीचं कारण जास्त पटलं होतं.

पण नानांचा खरा जीव आवाजात. चिपबरोबर बोटाच्या पेराएवढा स्पीकर येतो आणि पोकळ डब्यात बसून मोठा आवाज काढतो. आवाजाच्या चिपा येतात परदेशातून, म्हणजे इंजिन कल्याणचं आणि घसा अमेरिकेतला. नानांना याचं वाईट वाटत नाही, कारण इथं इतिहास त्यांच्या बाजूनं आहे. भारतात १९६२ साली डब्ल्यूडीएम-२ जातीची पहिली डिझेल इंजिनं आली ती अमेरिकेच्या अल्को कंपनीचीच, आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागली तीही तिच्याच २५१ जातीच्या सोळा सिलिंडरच्या यंत्रावर. तेव्हा चिपमध्ये ‘अल्को २५१’ हा आवाज निवडला की मनमाडच्या बाजूनं येणारं आपलंच जुनं इंजिन ऐकू येतं.

हे ऐकायचं कसं, त्याचीही रीत आहे. पाटावर बसायचं, डोळे मिटायचे, पंखा बंद. मे महिना असला तरी बंद. आधी सेल्फची घरघर. मग एक ठसका. मग ती धापा टाकणारी गुडगुड, लय चुकल्यासारखी वाटते पण चुकत नाही. नाना हळूच म्हणतात, “यायलीय का ऐकू?” आपण मान हलवायची. आता नांदेडच्या रुळांवर विजेच्या तारा आल्यात, विजेची इंजिनं नुसती गुंजत येतात आणि जातात. ती गुडगुड ऐकायला नानांकडं घामाघूम होऊन बसावं लागतं.

चिपमध्ये घंटाही आहे, कारण अमेरिकेतलं इंजिन स्टेशनात शिरताना घंटा वाजवतं. आपल्याकडं तशी पद्धत नाही. नानांनी ती काढून टाकली असती, पण त्यांच्या नव्वदीतल्या आई आतल्या खोलीत घंटा ऐकली की हात जोडतात. नाना रोज संध्याकाळी सातला ते बटण दाबतात. आईला वाटतं, मुलगा सुधारला.

नानांचे व्याही तात्या लातूरचे. लग्न ठरवताना पत्रिका बघितल्या, पण कुणाचं वेड कोणतं हे बघायचं राहून गेलं. तात्यांचाही हॉल गेलेला आहे. फरक एवढाच की तात्या बार्शी लाईटवाले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शीला आणलेली, १९११ मध्ये लातूरला पोचलेली अडीच फुटी गाडी. तात्यांच्या मांडणीच्या मधोमध लातूरच्या बाजारातली गंजगोलाई आहे, तिला फुटणाऱ्या सोळा रस्त्यांसकट, आणि भोवती इंजिन फिरतं. वाफेचं इंजिन, आणि तात्या ते मोबाईलवरून चालवतात. ब्लूटूथ.

“तुमचा सगळा कारभार माईकवरून पुकारायचा,” तात्या नानांना म्हणतात. “आम्ही सरळ ज्याच्या त्याच्या मोबाईलवर फोन करतो.” इंजिनातल्या चिपशी मोबाईल थेट बोलतो, नवा आवाजही मोबाईलवरूनच चिपमध्ये भरता येतो, मधे कंट्रोलचा डबा नको. हे सगळं खरं. पण वीज तरी रुळातूनच घ्यावी लागते आणि मराठवाड्याची धूळ डिजिटल-ब्लूटूथ बघत नाही. रूळ पुसले नाहीत तर दोघांचीही इंजिनं आचके देतात. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या नांदेड-लातुरात सर्वांत जास्त ही दोन घरं घेत असावीत.

वाफेच्या इंजिनाचा आवाज हा तात्यांचा हट्ट. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेरीत चारदा भस्स करतं. तात्या टेबलाला हनुवटी टेकवून मोजतात. तीन आले की चिप बिघडली, पाच आले की तात्या बिघडतात. त्यांच्या ब्लूटूथची कीर्ती पसरली ती मात्र सत्यनारायणाच्या दिवशी. तात्या सोवळं नेसून पूजेला बसलेले, मोबाईल कनवटीला, गाडीचं ॲप उघडंच. गुरुजींनी “नमस्कार करा” म्हटलं. तात्या वाकले. शेजारच्या खोलीतून दीर्घ शिट्टी झाली आणि बार्शी लाईट लातूरहून सुटली. कथेतली साधूवाण्याची नाव त्या दिवशी कुणी नीट ऐकली नाही.

दोघांचा मुख्य वाद रुळाच्या रुंदीवर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागली की सव्वाएकोणीसच्या वर जाते. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ साडेसोळाचा, युरोपच्या गाड्यांच्या मापाचा. बार्शी लाईट ७६२ मिलिमीटर, भागाकार पावणेनऊ, आणि नऊचा रूळ तयार मिळतो. “आमचं पाव मिलिमीटरनं चुकतं, तुमचं पावणेतीननं,” हे वाक्य तात्या प्रत्येक सणाला एकदा बोलतात. गणिताच्या मास्तरांना व्याह्यांसमोर खाली बघावं लागतं.

गेल्या दिवाळीत लेक-जावयांनी दोघांना एकत्र बसवलं आणि तह झाला. नांदेडहून लातूरला रेल्वेनं जायचं तर पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी असा वळसा पडतो. लोहा-अहमदपूरवरून सरळ लातूर रोडला मार्ग टाका, ही मागणी फार जुनी. निवेदनं देऊन झाली. व्याह्यांनी ठरवलं, आपणच टाकू. तात्या आपलं टेबल गाडीत घालून नांदेडला आले. त्यांची एकच अट होती : “गाडी लातूरहूनच सुटंल. पुढं वाढवायची भाषा करायची नाही.” मुंबईची लातूर एक्स्प्रेस २०१७ मध्ये बिदरपर्यंत नेली, ते लातूरकर अजून विसरलेले नाहीत.

रूळ टाकले, आणि मग दोघांच्या लक्षात आलं की साडेसोळा आणि नऊ जुळत नाहीत. म्हणून लोह्याला, म्हणजे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, माल बदलायचं ठरलं. लातूरहून माल कोणता येणार? तूरडाळ. तात्यांच्या वाघिणीत सहा-सहा दाणे. काकू चिमट्यानं ते उचलून नानांच्या वाघिणीत टाकतात. परतीला नानांनी न सांगता दहा टँकरची गाडी लावली. लातूरचे नळ आटले तेव्हा मिरजेहून १२ एप्रिल २०१६ ला पहिली जलदूत आली होती, दहाच टँकरची, पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती ब्रॉडगेजवरून आली होती. तात्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि गाडी स्टुलावर येईपर्यंत उभे राहिले. त्या दिवशी पावणेतीन मिलिमीटरचा विषय निघाला नाही.

तर कळवण्यास आनंद होतो की लोहा-अहमदपूरमार्गे नांदेड-लातूर थेट रेल्वे सुरू झालेली आहे. लांबी पावणेचार मीटर, थांबा एक. बुधवारी बंद राहील, त्या दिवशी काकू फरशी पुसतात.