पत्र्यावरचे दगड

घरातली माणसं कशी आहेत हे ओळखायला उंबरा ओलांडावा लागत नाही. पत्र्यावर काय ठेवलंय ते बघावं. हिंगोलीहून औंढ्याकडं किंवा कळमनुरीकडं जाताना रस्ता जरा चढाला लागला की खालच्या वस्तीची छपरं दिसायला लागतात. कुणाच्या पत्र्यावर नुसते काळे दगड, ओळीनं मांडलेले. हे घर शिस्तीचं. कुणाच्या पत्र्यावर ट्रॅक्टरचं फाटकं टायर. हे घर शेतीतून वर आलेलं. कुणी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ठेवलेली असते. त्या गोण्या उन्हानं दोन वर्षांत विरतात आणि वाळू पन्हाळीत जाऊन बसते. हे घर कामं काढणारं. एखाद्या पत्र्यावर फुटक्या जात्याची तळी आणि मोडकी सायकल शेजारी शेजारी पडलेली असतात. सासूबाईंचा संसार आणि नातवाची शाळा, दोघांनी मिळून घर दाबून धरलेलं असतं.

हा सगळा बंदोबस्त वाऱ्यासाठी. मार्च-एप्रिलात इकडं शिजवलेली हळद वाळत पडलेली असते, मे महिन्यात रानं नांगरून मोकळी असतात आणि अशात एखाद्या दुपारी पश्चिमेकडून मातीची भिंत उठून येते. पाऊस दोनच थेंब, वावधान मात्र असं की कुणाचा पत्रा कुणाच्या गोठ्यावर गेला याचा हिशोब दुसऱ्या दिवशी पारावर लागतो. पत्रा घेऊन जाणारा वारा त्याखालच्या माणसाला काही विचारत नाही. म्हणून मिरगाच्या आधी, म्हणजे साधारण ७ जूनच्या आत, घरोघरी शिडी लागते.

शिडी लागते, पण मिस्त्री लागत नाही. वर्षभर पारावर गप्पा मारताना दिसणारा मिस्त्री रोहिण्या निघाल्या की दिसेनासा होतो. फोन केला तर मागं हातोड्याचा आवाज ऐकू येतो, म्हणजे तो कुणाच्या तरी घरावर आहे एवढं नक्की. "आलोच मामा, एवढा पत्रा ठोकला की तुमच्याकडंच," असं तो म्हणतो. ते खोटं नसतं. फक्त 'एवढा पत्रा' म्हणजे किती, हे त्यात सांगितलेलं नसतं.

ही टंचाई आजची नाही. आपल्या जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, जन्मसाल १२७०. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यातलं एक चक्क छपराच्या कामाचं आहे. नामदेवांचं घर कुणीतरी इतकं नेटकं शाकारून दिलेलं असतं की शेजारीण चौकशीला येते. कुणाकडून करून घेतलंस, मला सांग. मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव तिला सांगतात की माझा कारागीर पैशानं बांधला जात नाही, त्याची मजुरी म्हणजे प्रीती. तो कारागीर अर्थातच देव. भाविकाला यात भक्ती दिसते, आणि ती आहेच. पण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ज्याचं घर उघडं आहे, त्याला आणखी एक गोष्ट दिसते. सातशे वर्षांपूर्वीही चांगल्या कारागिराचा पत्ता शेजाऱ्याकडूनच काढावा लागे, आणि दुप्पट मजुरी कबूल करूनही तो मिळेलच असं नव्हतं.

पत्रा गावात येण्याआधी इकडं माळवदं होती. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर खांडं, खांडांवर किलचन, त्यावर काड्या-पाल्याचा थर आणि सगळ्यांवर पांढरी माती. काळी माती रानात कितीही गुणाची असली तरी छपरावर तिचा उपयोग नाही. पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. पांढरी माती मात्र चोपली की बसते. ती गढीच्या नाहीतर जुन्या गावठाणाच्या ढिगाऱ्यातून गाडीनं आणायची, टोपल्यांनी वर चढवायची, पन्हाळीकडं उतार धरून पसरायची आणि बडवायची. गेल्या पावसाळ्यात उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, सवण्यावर झाकायला पत्र्याचा तुकडा शोधून ठेवायचा. एवढं करून पावसाळ्यात माळवद गळायचंच. मग घरातला एखादा तरुण पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात वर जायचा आणि घरातली सगळी मंडळी त्याला खालून मार्गदर्शन करायची. "इकडं, इकडं! अजून जरा इकडं! चुलीच्या वर!" खालचा माणूस बोट दाखवायचा, ते बोट वरच्याला दिसायचं नाही. वरच्याला चूल कुठं आहे ते दिसायचं नाही. तो अंदाजानं पाय देत फिरायचा, आणि जिथं पाय द्यायला नको नेमका तिथं दिला की देवघरात दुसरी धार सुरू व्हायची.

माळवदाखालचा गारवा अजून लोकांच्या बोलण्यात येतो. मे महिन्याच्या दुपारी बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत असताना आत गोधडी अंथरून झोप लागायची, असं सांगणारे खोटं सांगत नाहीत. मातीचा तो जाड थर ऊन सहजी आत येऊ देत नसे. पण त्याच थरात एक खोड होती. दर उन्हाळ्यात नवी माती पडायची आणि जुनी काढून टाकायचं कुणाच्या मनात यायचं नाही. आजोबांनी टाकलेल्या मातीवर वडिलांनी टाकली, वडिलांच्या मातीवर मुलानं. प्रत्येकानं घराची काळजीच घेतली होती. त्या काळजीचं वजन किती झालं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळलं. गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसं गेली. चिखलात रचलेल्या गोट्यांच्या भिंती फुटल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माती झोपलेल्या माणसांवर आली.

त्यानंतर मराठवाड्यात आडवं झालेल्या माणसाची नजर आधी तुळयांकडं जायला लागली. एकीकडं पांढरी माती वाहून आणायला घरात तेवढी माणसं उरली नव्हती, दुसरीकडं पत्रा हलका होता आणि परवडतही होता. पत्र्यानं हळूहळू माळवदाची जागा घेतली. उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही आणि पावसाळ्यात त्याखाली बोलणं ऐकू येत नाही, पण निदान तो अंगावर पडला तर माणूस उठून उभा राहील असा भरवसा आला.

पत्र्याची गळती शोधणं हा वेगळाच विषय आहे. भर दुपारी दार-खिडक्या लावून आत उभं राहिलं की जमिनीवर उन्हाचे रुपये पडलेले दिसतात. प्रत्येक रुपयाच्या सरळ रेषेत वर एक भोक. खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा असतो, कारण पाणी नळीतून वाहतं. पण घाईच्या दिवसांत कुणीतरी तो नळीत मारलेला असतो, आणि जुने पत्रे घेतले असतील तर त्यांना आधीच्या घराची भोकंही असतात. ती खडूनं खुणा करून ठेवायची, वर जाऊन डांबर किंवा एमसील भरायचं. पहिला मोठा पाऊस येतो. खुणा केलेली सगळी भोकं कोरडी, आणि जिथं ऊन कधी पडलंच नाही तिथं, नेमकी धान्याच्या कोठीवर, टपटप. पाणी एका जागी आत शिरतं, नळीनं वाहत जातं, लोखंडी आडव्याला धरून पुढं सरकतं आणि आपल्याला वाटेल तिथं उतरतं. "कुठून गळायलंय?" या प्रश्नाला घरात जेवढी माणसं तेवढी उत्तरं असतात आणि भांडी कमी पडतात.

गंमत अशी की याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून लहान फरक पडला तरी तो मोजायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी २०१५ मध्ये एकशेतीस कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची लहर टिपली. इतक्या दूरची वस्तू नेमकी कुठं आदळली ते सांगणारी माणसं आता आपल्या शेजाराला येणार. त्यांच्यापैकी कुणी निवांत भेटलंच, तर कोठीवरच्या थेंबाचा विषय काढायला हरकत नाही.

स्लॅबवाल्यांनी पत्रेवाल्यांना हसू नये. स्लॅबचं घर बांधलेल्या प्रत्येकाच्या मनात एक मजला शिल्लक असतो. कॉलमच्या डोक्यावर सळया उभ्या सोडलेल्या असतात: पुढंमागं पोराचं लग्न झालं की वर चढवू. पोराचं लग्न होतं, पोरगा पुण्याला चाकणकडं जातो, आणि सळया तिथंच गंजत उभ्या राहतात. पाणी त्या सळयांच्या बुडाशीच वाट काढतं आणि खालच्या खोलीच्या कोपऱ्यात नकाशा उमटतो. त्या मजल्याची आशा सोडून सळयांवर सिमेंटच्या टोप्या बसवल्या तर गळती पुष्कळ कमी होते. पण तसं सांगायचं कुणी? वडिलांना पोराच्या मजल्याची आशा सोडा म्हणण्यापेक्षा दरवर्षी कोबा फोडून नवा करणं घराला सोपं जातं. पावसाळ्याआधी पन्हाळीच्या तोंडातला लिंबाचा पाला काढणं आणि कुरडया-पापडांचा हंगाम संपला की चुन्याचा हात देणं, एवढं जो न चुकता करतो त्याचा स्लॅब बहुधा कुरकुरत नाही. हे काम फुकटात होतं, म्हणूनच बहुतेक ते राहून जातं.

आणि मग २०२४ साल आलं. २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर थोड्याच मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले, ४.५ आणि ३.६ रिश्टरचे, केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकडची माणसं जमिनीतले गूढ आवाज वर्षानुवर्षं ऐकत आली आहेत, त्यांना नवल कमी वाटलं. बाकीचे मात्र चहाचा कप घेऊन अंगणात. त्याच दिवशी शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानं लोकांना आवाहन केलं की पत्र्यावर आधाराला दगड ठेवले असतील तर ते काढून टाका. सल्ला अगदी रास्त होता. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर दगड ठेवू नये, हे सांगायला भूकंपशास्त्र लागत नाही. पण मार्चमध्ये दगड उतरवलेल्या माणसापुढं मे महिना उभाच होता. वारा म्हणतो पत्र्यावर वजन ठेव, जमीन म्हणते वजन उतरव. ज्यांनी एप्रिल-मेच्या वावधानात दगड पुन्हा वर चढवले असतील, त्यांना १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसल्यावर काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. एका हातानं ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं काढायचं, असं घराचं छप्पर कधी सांभाळून होतं का?

मला वाटतं, आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खोड इथंच आहे. घर जागेवर राहावं म्हणून आपण त्यावर काहीतरी ठेवतो. माळवद होतं तेव्हा माती ठेवली, पत्रा आला तेव्हा दगड. छप्पर वजनानं धरून ठेवता येतं असा आपला पक्का समज आहे, आणि घरातल्या माणसांच्या बाबतीतही तो तसाच आहे. थोडं दडपण ठेवलं म्हणजे कुणी कुठं जाणार नाही, असं थोरामोठ्यांना वाटत असतं. खरं तर पत्रा जागेवर राहतो तो बांधणीनं. इंग्रजी जे अक्षरासारखा वाकवलेला हुक लोखंडी आडव्याला खालून मिठी घालतो, पत्र्याच्या उंचवट्यातून वर येतो, त्यावर डांबरी वायसर आणि नट. आडवा खांबाला आवळलेला, खांब जमिनीत गाडलेला. असा पत्रा वाऱ्यानं सहजी उडत नाही आणि जमीन हलली तरी माणसाच्या अंगावर टाकायला त्याच्याजवळ काही नसतं. हुकाची किंमत किरकोळ आहे. अडचण एवढीच की दगड फुकट असतो आणि स्वतःच्या हातानं ठेवता येतो. हुकासाठी मिस्त्री लागतो. त्यामुळं दरवर्षी हुकाची गोष्ट निघते, मिस्त्री मिळत नाही, आभाळ भरून येतं आणि शेवटी घाईघाईनं दगडाचाच निर्णय होतो.

म्हणून हे काम मेमध्ये काढूच नये. दिवाळी झाल्यावर, ऊन मऊ असताना आणि मिस्त्री पारावर बसलेला असताना त्याला गाठावं. नट एकेक करून आवळून घ्यावेत, गंजलेले वायसर बदलावेत, पन्हाळ उपसावी. सगळं आटोपल्यावर तो शिडीवरून खाली उतरेल, हात पुसेल आणि म्हणेल, "आता बघायचं काम नाही मामा." त्याच्यावर विश्वास ठेवावा, मजुरी द्यावी, चहा पाजावा आणि त्याचा नंबर पुढच्या वर्षासाठी जपून ठेवावा.